सातव्या महिन्यातली सातवी रात्र

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये योकोहामाला असतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नातीच्या बालवाडीत बांबूची फांदी उभी करून मुलांनी तिला रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या. नातीनं ‘मला पोहता येऊ दे’ असं लिहिलं म्हणे. सणाचं नाव तानाबाता. मुलाच्या कचेरीतली एक चिनी मुलगी मात्र म्हणाली, “हा सण मूळचा आमचा. तो ऑगस्टमध्ये येतो आणि आमच्याकडे तो प्रेमिकांचा दिवस असतो.” गोष्ट एकच, मग एकीकडे बालवाडीतला सण आणि दुसरीकडे प्रेमिकांचा, असं का? आणि तारखेत महिन्याचा फरक कसा पडला?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : सण मूळचा चीनचा, इथपर्यंत ती चिनी मुलगी बरोबर आहे. प्रेमिकांच्या दिवसाचं मात्र तसं नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्या देशातसुद्धा हा सण हजारभर वर्षांहून अधिक काळ प्रेमिकांचा नव्हताच. तो मुलीबाळींचा होता, सुईदोऱ्याचा होता. पण आधी गोष्ट.

आकाशगंगेच्या एका तीरावर एक विणकर मुलगी राहते, दुसऱ्या तीरावर एक गुराखी. चिनी लोक तिला झीन्यू म्हणतात, त्याला न्यूलांग. जपानीत ती ओरिहिमे, तो हिकोबोशी. दोघांची ताटातूट झालेली आहे आणि वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री, त्यांना भेटायची मुभा आहे. ही दोघं आपल्याही ओळखीची आहेत. विणकर मुलगी म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी म्हणजे श्रवण. श्रवण नक्षत्रात आपण एका ओळीत तीन तारे मोजतो आणि त्यांना विष्णूची तीन पावलं म्हणतो. चिनी माणूस त्याच तीन ताऱ्यांकडे बघून सांगतो, मधला तेजस्वी तो बाप आणि दोन बाजूंना त्याची दोन मुलं. खांद्यावरच्या कावडीत पोरांना बसवून तो बायकोच्या मागे धावला, तेवढ्यात स्वर्गातल्या राणीमातेनं केसातला आकडा काढून आभाळात रेघ ओढली आणि तिची नदी झाली, ती ही आकाशगंगा. आपल्या आवडीचा भाग असा की दोघांना भेटवायला पृथ्वीवरचे मॅगपाय पक्षी उडून जातात आणि पंखांचा पूल बांधतात. मॅगपाय म्हणजे आपल्या टकाचोराचा चुलतभाऊ, कावळ्याच्या कुळातला, काळापांढरा, लांब शेपटीचा. त्या दिवसानंतर मॅगपायच्या डोक्यावरची पिसं विरळ दिसतात ती पायदळी गेल्यामुळे, असं चिनी लोकांचं म्हणणं. (त्या सुमारास पक्ष्यांची पिसं गळायचा हंगाम असतो, हे त्यांनाही ठाऊक असणारच.)

चीनच्या सर्वात जुन्या काव्यसंग्रहात, म्हणजे ‘शीजिंग’मध्ये, हे दोन तारे येतात, पण तिथे प्रेमाचा पत्ता नाही. करांनी पिचलेल्या पूर्वेकडच्या प्रजेची ती तक्रार आहे. आभाळात विणकरीण आहे पण तिच्या हातून कापड होत नाही, बैल आहे पण तो गाडी ओढत नाही. मोठी नावं मिरवणारे काही कामाचे नसतात, असा टोमणा. ताऱ्यांचा संसार मांडला गेला तो पुढे हान राजवटीत.

बायकांनी या रात्रीचं जे केलं ते या साऱ्याहून वेगळं. झीन्यू ही स्वर्गातली सर्वात कुशल विणकर. तेव्हा ती ज्या रात्री खुशीत असेल त्या रात्री तिच्याकडे काय मागायचं? नवरा नव्हे, हाताला कसब. सहाव्या शतकात झोंग लिन यानं मध्य चीनमधल्या सणवारांची नोंद लिहून ठेवली, तिच्यात हे आलं आहे. बायका अंगणात फळं, खरबुजं मांडतात, रंगीत दोरे घेतात आणि सात छिद्रांच्या सुया ओवतात. जिला जमलं तिला कसब लाभलं. मांडलेल्या खरबुजावर कोळ्यानं जाळं विणलं तर तोही शुभशकुन. पुढे थांग दरबारात कोळी छोट्या डबीत बंद करून पहाटे उघडून बघायची टूम निघाली. जाळं दाट असेल तर कसब भरपूर, विरळ असेल तर बेताचं.

मला यातला सर्वात गमतीचा वाटतो तो मिंग काळातल्या बीजिंगचा प्रकार. तो रात्री नव्हे, भर दुपारी चालायचा. वाटीत पाणी घेऊन ते उन्हात ठेवायचं. थोड्या वेळानं पाण्यावर साय धरल्यासारखा बारीक पापुद्रा येतो. त्यावर अलगद सुई सोडायची म्हणजे ती तरंगते. मग सुईकडे नाही, वाटीच्या तळाशी पडलेल्या तिच्या सावलीकडे बघायचं. सावलीत ढग, फूल, पाखरू असं काही उमटलं तर पोरगी हुशार. सावली मुसळासारखी जाड किंवा धाग्यासारखी बारीक पडली तर पोरगी वेंधळी. आया हे बघून खूश होत किंवा हिरमुसत, आणि मुली रडत. परीक्षेच्या निकालाचा दिवसच म्हणा.

आता ही गोष्ट समुद्र ओलांडून जपानला गेली तेव्हा काय झालं ते पाहा. तिसऱ्या शतकातल्या एका चिनी इतिहासग्रंथात जपान बेटांचं वर्णन आहे. तिथे कोणते प्राणी आढळत नाहीत याची यादी दिली आहे : गुरं, घोडे, वाघ, बिबटे, मेंढ्या आणि मॅगपाय. म्हणजे गुराख्याची गुरं नाहीत आणि पुलाचे पक्षीही नाहीत! गुरं पुढे जपानमध्ये आली, पण मॅगपाय देशाच्या बहुतेक भागात आजही दिसत नाही. क्यूशू बेटावर तो आहे, तिथेही सोळाव्या शतकाच्या शेवटी कोरियावर स्वारी करून परतलेल्या लोकांनी आणला असं सांगतात. एवढी अडचण असूनही जपानी मनाला ही गोष्ट अशी काही भावली की आठव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात तिच्यावर सव्वाशेहून जास्त कविता आहेत.

त्या कवितांत पुलाऐवजी बहुतेक वेळा होडी येते. आणि नदी ओलांडून जातो तो गुराखी. चिनी कवितेत विणकर मुलगी साजशृंगार करून पुलावरून त्याच्याकडे निघते. चिनी रिवाजात लग्न झाल्यावर मुलगी सासरी जाते, त्याला हे धरूनच आहे. जपानमध्ये त्या काळी उलटं होतं. नवरा-बायको वेगळ्या घरी राहत, रात्री नवरा बायकोच्या घरी यायचा आणि उजाडायच्या आत परतायचा. त्यामुळे जपानी ओरिहिमे घरीच बसून वाट बघते, वल्ह्याचा आवाज आला का म्हणून कान टवकारते, आणि हिकोबोशी बिचारा प्रवाहाशी झगडत होडी हाकतो. लग्नाची रीत बदलली आणि ताऱ्यांना दिशा बदलावी लागली. माझ्या मते या दोन सणांतला सर्वात बोलका फरक हाच आहे. चिठ्ठ्या आणि गुलाब फार नंतरचे.

होडीला चंद्रही मदतीला आला. चांद्र महिन्याच्या सातव्या रात्री आभाळात जवळजवळ अर्धा चंद्र असतो, होडीच्या आकाराचा, आणि मध्यरात्रीच्या आसपास तो मावळतो. मग आकाशगंगा उजळते. ही तिथी नुसती अंकाच्या मोहानं ठरलेली नाही, आभाळात नेपथ्य तयार असतं. हे लक्षात ठेवा, कारण तारखेचा घोळ इथूनच सुरू होतो.

जपानी दरबारानं हा सण दोन्ही हातांनी स्वीकारला. इ.स. ७३४ साली सातव्या महिन्याच्या सप्तमीला सम्राट शोमू यांनी आधी सुमो कुस्त्या पाहिल्या आणि संध्याकाळी विद्वानांकडून सातव्या रात्रीवर काव्यं करवून घेतली, अशी नोंद आहे. सुईचा विधीही सोबत आला. नारा शहरातल्या शोसोइन या शाही भांडारात त्या काळच्या सात सुया जपून ठेवल्या आहेत. त्या चांदीच्या, तांब्याच्या आणि लोखंडाच्या आहेत, सोबत रंगीत दोरा. क्योतोमधल्या रेइझेइ या जुन्या कविघराण्यात हा विधी अजून होतो, तोही जुन्या तिथीला. अंगणात मांडणी करतात, पाणी भरलेल्या पात्रात तुतीच्या जातीच्या झाडाचं पान सोडतात आणि तारे पाण्यात बघायचे असतात. मग दालनात पांढऱ्या कापडाचा लांब पट्टा अंथरतात. ती आकाशगंगा. तिच्या एका बाजूला बायका बसतात, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि विणकर-गुराख्याच्या भूमिकेतून एकमेकांना प्रेमकविता लिहून पाठवतात.

इथपर्यंत सण सुईकडून लेखणीकडे सरकलेला दिसतो. तुमच्या नातीच्या चिठ्ठीचा रस्ता इथूनच जातो. एदो काळात तोकुगावा शोगुनांनी वर्षातले पाच सण अधिकृत ठरवले, त्यांत तानाबाता होता. गावोगावी शाळा वाढल्या होत्या. मुलांना हाताला वळण हवं होतं, पण ते शिवणाचं नाही, अक्षराचं. सप्तमीच्या पहाटे अळूच्या पानांवरचे दवबिंदू गोळा करायचे, कारण ते आकाशगंगेचे थेंब, त्यात शाई उगाळायची आणि कागदाच्या पट्टीवर सुबक अक्षरांत मागणं लिहायचं. ती पट्टी बांबूला बांधायची. पट्ट्यांचे पाच रंग चिनी पंचतत्त्वांवरून आलेले. चित्रकार हिरोशिगे यांचं १८५७ सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात एदो शहराच्या छपरांवर नजर पोहोचेल तिथवर बांबू उभे आहेत आणि त्यांना कागदाच्या पट्ट्यांबरोबर हिशेबाची वही, कलिंगडाची फोड असं काहीबाही लटकलेलं आहे. दुकानदारानं काय मागितलं असेल ते वहीवरून कळतंच.

तर बालवाडीतली चिठ्ठी ही चिनी मुलींच्या सुईचीच नात. ‘मला येऊ दे’ हे दोघींचं मागणं. पोहणं काय, शिवणं काय, कसबच ते.

गोष्ट सांगण्यातही दोन देशांनी दोन वाटा धरल्या. जपानी मुलांना सांगतात की लग्नानंतर दोघं एकमेकांत इतकी रमली की तिनं माग सोडला, त्याची गुरं मोकाट सुटली. म्हणून तिच्या वडिलांनी, स्वर्गाच्या राजानं, दोघांना नदीच्या दोन काठांवर धाडलं. कामं नीट केलीत तर वर्षातून एकदा भेटा. ही मांडणी जुन्या चिनी ग्रंथांतही होती, जपाननं ती शाळेच्या सोयीची म्हणून जवळ केली असावी. चीनमध्ये पुढे लोकप्रिय झालेल्या कथेत दोघांचा काही गुन्हाच नाही. भावजयीनं छळलेला गरीब मुलगा, त्याचा बोलणारा म्हातारा बैल, स्वर्गातून आंघोळीला उतरलेली परी, दोन गोड मुलं आणि सुख न बघवणारी राणीमाता. झीन्यूचा संसार मोडते ती सत्ता. एकात आळसाची शिक्षा, दुसऱ्यात जुलूम. मला विचाराल तर चिनी कथा अधिक खरी वाटते. दोन नवविवाहितांनी चार दिवस काम टाळलं म्हणून त्यांना जन्माची ताटातूट, हा न्याय कुठला?

आता तारीख. जपाननं १८७३ साली चांद्र पंचांग सोडून ग्रेगरियन कॅलेंडर घेतलं आणि त्याच वर्षी ते पाच सरकारी सणही बंद केले. सण लोकांनी चालू ठेवला, पण ‘सातव्या महिन्याचा सातवा दिवस’ म्हणजे ७ जुलै असं सरळ धरलं. परिणाम असा की सण महिनाभर आधी आला, थेट तिथल्या पावसाळ्यात. होन्शू बेटावर जुलैच्या मध्यापर्यंत तरी पावसाची रिपरिप असते, आणि चंद्राचं तर काहीच ठरलेलं राहिलं नाही, पौर्णिमाही येऊ शकते. ज्या रात्री तारे बघायचे ती रात्र बहुधा ढगाळ. त्या रात्रीच्या पावसाला ताऱ्यांचे अश्रू म्हणण्याची रीत आहे खरी, पण दर वर्षी किती रडायचं?

सेंदाई शहरानं मधला मार्ग काढला. तिथे सरळ एक महिना पुढे ढकलून ६ ते ८ ऑगस्टला उत्सव करतात. बाजारपेठेच्या रस्त्यांवर बांबूंना माणसाहून उंच कागदी झुंबरं टांगतात, त्यांतून चालायचं म्हणजे कागदाचे पडदे हातानं बाजूला सारत जावं लागतं. सजावटीत सात वस्तू ठरलेल्या असतात. मागण्यांच्या पट्ट्या आणि विणकरणीच्या धाग्यांसारख्या लांब झिरमिळ्या तर हव्यातच. शिवणकाम चांगलं व्हावं म्हणून कागदी किमोनो, दीर्घायुष्यासाठी क्रौंच पक्षी, धंद्यासाठी बटवा, मासळीसाठी जाळं. आणि सातवी वस्तू कचऱ्याची टोपली! बाकीच्या सहा करताना उरलेले कागदाचे तुकडे तिच्यात भरतात, काटकसर आणि टापटीप यांची आठवण म्हणून. सणाच्या मखरात केराच्या टोपलीला मान देणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. जपानच्या राष्ट्रीय खगोल वेधशाळेनंही २००१ पासून जुन्या रिवाजाप्रमाणे येणारी तिथी दर वर्षी जाहीर करायला सुरुवात केली, म्हणजे ज्यांना खरोखर तारे बघायचे आहेत त्यांची सोय झाली.

चीननं सण चांद्र तिथीलाच ठेवला, म्हणून तुमच्या मुलाची सहकारी ऑगस्ट म्हणाली. हिशेब आपल्या पंचांगासारखाच आहे. चिनी सातवा महिना बहुतेक वर्षी आपल्या श्रावणाशी जुळतो, तेव्हा हा सण नागपंचमीच्या पाठोपाठ श्रावण शुद्ध सप्तमीच्या सुमारास पडतो. अधिक महिना दोन्हीकडे वेगळ्या वेळी धरला की गाडी महिनाभर घसरते. २०२५ साली तसं झालं. तिकडचा सण २९ ऑगस्टला आला, तेव्हा आपल्याकडे गणपती बसून दोन दिवस झाले होते.

प्रेमिकांचा दिवस ही चीनमधली अलीकडची गोष्ट. २००६ साली सरकारनं राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत या सणाला जागा दिली आणि बाजारानंही तो उचलून धरला. आता त्या दिवशी गुलाब, चॉकलेट, दागिने यांची धूम असते आणि विवाह नोंदणी कचेऱ्यांत जोडप्यांची रांग लागते. व्हॅलेंटाइन डेला घरचा पर्याय मिळाला म्हणून लोक खूश. तिथले लोकसंस्कृतीचे अभ्यासक मात्र कुरकुरतात. वर्षातून एकदा भेटणाऱ्या, संसार मोडलेल्या जोडप्याच्या नावानं लग्न लावायचं, यात त्यांना विसंगती दिसते. कुरकुर अगदीच चुकीची नाही, पण प्रेमाचा धागा तिथे नव्हताच असंही नाही. थांग सम्राट श्वानझोंग आणि त्याची लाडकी यांग ग्वेफेई यांनी सातव्या रात्रीच जन्मोजन्मीच्या आणाभाका घेतल्या असं बाई जुयी या कवीनं लिहिलं, आणि ते हजार वर्षांहून अधिक काळ चिनी लोकांच्या तोंडी आहे.

जुना सण संपला मात्र नाही. गान्सू प्रांतातल्या शीहे भागात अविवाहित मुली अजून सात दिवस-आठ रात्री तो मांडतात. कसबाच्या देवीची कागदी मूर्ती बसवतात, तिच्यापुढे गाणी-नाच होतात. आपल्याकडे घटाभोवती धान रुजवतात तसे त्यांनी आधी अंधारात कोंब उगवलेले असतात. शेवटच्या रात्री कोंबाचं टोक खुडून पाण्याच्या वाटीत टाकायचं आणि दिव्याच्या उजेडात तळाशी सावली कशी पडते ते बघायचं. सुई, कात्री, फूल, लेखणी, ज्याचा आकार दिसेल ते कसब.

प्रश्न : हे तारे आपल्याकडून दिसतात का?
(त्याच पत्रातला दुसरा प्रश्न)

उत्तर : उत्तम दिसतात. ऑगस्टच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रातून उत्तरेकडे तोंड करून मान बरीच वर करा, निळसर पांढरा ठळक तारा तो अभिजित. डोक्यावरून किंचित दक्षिण-पूर्वेला, दोन्ही बाजूंना एकेक मंद सोबती असलेला, तो श्रवण. अडचण एकच, श्रावणात आभाळ मोकळं मिळायला हवं. ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर दिवेलागणीनंतर लगेच पाहिलंत तर दोघं अजून उंचावरच असतात. आकाशगंगेचा पट्टा दिसायला मात्र शहराबाहेर जावं लागेल. अभिजित आपल्यापासून सुमारे २५ प्रकाशवर्षं दूर, श्रवण सुमारे १७, आणि दोघांमधलं अंतर १५ प्रकाशवर्षांच्या आसपास. म्हणजे एकानं हाक मारली आणि ती प्रकाशाच्या वेगानं गेली, तरी उत्तर यायला तीस वर्षं. अभिजित ही महाभारतातही रुसून निघून गेलेली बाई आहे बरं का. वनपर्वात ती रोहिणीची धाकटी बहीण, थोरलेपणाच्या हेव्यानं तप करायला वनात गेली आणि नक्षत्रांच्या मोजणीतून निसटली, अशी कथा येते. चिनी कथेशी तिचा संबंध नाही, पण या ताऱ्याच्या वाट्याला विरह दोन्हीकडे आला.

प्रश्न : आणखी कुठे हा सण आहे का?

उत्तर : कोरियात आणि व्हिएतनाममध्ये. आजच्या उत्तर कोरियात देओखुंगरी इथे इ.स. ४०८ सालचं थडगं आहे. त्याच्या छतावर बैल घेऊन निघालेला गुराखी, मध्ये आकाशगंगा आणि मागे राहिलेली विणकर मुलगी रंगवली आहे. या कथेच्या जुन्या चित्रांपैकी हे एक. जपानमध्ये ओसाकाजवळ कातानो-हिराकाता परिसरात तर आकाशगंगेच्या नावाची नदीच वाहते आणि विणकर देवीचं देऊळही आहे.

आणि नवी ठिकाणं विचाराल तर अवकाशात. चीननं २०१८ साली चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या यानाशी संपर्क ठेवायला जो उपग्रह पाठवला त्याचं नाव ‘छ्वेच्याव’, म्हणजे मॅगपायचा पूल. २०२४ मध्ये दुसरा पाठवला. जपाननं त्याच्याही आधी, १९९७ साली, एकमेकांना जोडलेला जोड-उपग्रह सोडला होता. माणूस सोबत नसताना दोन यानं अवकाशात सुटी होऊन पुन्हा जोडता येतात का, हे त्यावर तपासायचं होतं. एकाचं नाव हिकोबोशी, दुसऱ्याचं ओरिहिमे. जोडणीची पहिली चाचणी केली ती ७ जुलै १९९८ रोजी, आणि ती साधली. त्यातही पुढे सरकत जाणारा होता हिकोबोशी. ओरिहिमे जागेवरच होती.